उरलेल्या पाचशे बारा ओळी

३ मार्च

ब्रेल छापखान्यातल्या मास्तरांचा सकाळीच फोन. यंत्र पुन्हा अडलं. ‘पुन्हा’ हा शब्द ते इतक्या शांतपणे बोलले की मलाच घाम फुटला.

सगळं नीट लिहून ठेवतो, कारण ह्या खेपेला नुसतं डोक्यात ठेवून भागणार नाही. छापखान्यात जस्ताच्या पत्र्यावर ठिपके उठवणारं जुनं यंत्र आहे. ते चालवणारा संगणक छत्तीस वर्षांपूर्वी आमच्या दादाच्या कारखान्यात बनला. कारखाना बंद पडून जमाना झाला, दादाला जाऊन तीन वर्षं झाली, संगणक मात्र आजवर इमानेइतबारे चालत होता. आता अर्धा पत्रा झाला की गप्प बसतो. पंधरा मिनिटं पंख्याचा वारा दिला की पुन्हा सुरू. मास्तर तिथे मुद्रितं तपासतात, बोटांनी. खरं तर अख्खा छापखाना त्यांच्याच जिवावर चालतो. मे महिन्यात शाळेची मोठी परीक्षा आहे आणि एकेचाळीस मुलांची गणिताची पुस्तकं एकोणतीस तारखेला बाहेर पडायला हवीत. नवं यंत्र मागवलंय, ते जूनमध्ये येणार. गणिताच्या खुणा दुसऱ्या कुठल्या छापखान्याच्या यंत्रात नाहीत. म्हणजे हे चाललं तर मुलं पुस्तक वाचून परीक्षेला बसतील, नाहीतर ऐकून.

“गणित ऐकून होत नाही हो,” मास्तर म्हणाले. “मी तसाच नापास झालो होतो.”

मी म्हटलं, होईल काम. असं पटकन बोलून मोकळं व्हायची मला जुनी खोड आहे.

५ मार्च

छापखान्यात जाऊन आलो. खोलीत काळोख, कारण तिथे दिवा लावायचं कोणाच्या लक्षातच येत नाही. मी दिवा मागितला तर मास्तर म्हणाले, “लावा की. आमची काही हरकत नाही.”

बर्फाचा खडा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून एकेका चिपवर धरत गेलो. सातव्या चिपवर धरला आणि यंत्र ठकाठक चालू झालं. पिशवी उचलली, मिनिटभरात बंद. नेमकी हीच सापडावी हे माझं नशीब. बाकीच्या चिपा बाजारात मिळतात. ही मिळते ती कोरी. कुठल्या पायांवर वीज आली की कुठल्या पायावर सोडायची, हे नियम संगणक बनवणाऱ्याने स्वतः तिच्यात भरायचे असतात. भरले की ते तिच्याच पोटात, बाहेर कुठे दिसत नाहीत. आणि ते ज्या विजेच्या आधारावर टिकतात ती वर्षानुवर्षं झिरपत जाते. विकणारे वीस वर्षांची हमी द्यायचे, हिची छत्तिशी झाली. आज गरम झाल्यावर विसरते, उद्या गारठ्यातही विसरेल. त्याआधी आतले नियम वाचून फाइल करायची आणि कोऱ्या चिपमध्ये उतरवायचे.

मला हे नवीन नाही. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं हेच करतोय. जुन्या बोर्डांवरच्या चिपा वाचायच्या, फायली करायच्या, जगभरचे दुरुस्तीवाले वापरतात त्या सामाईक कोठारात टाकायच्या. एकशे तेरा झाल्या. त्यात दादाच्या संगणकाची एकही नाही, ही सल होती. आता होईल. फाइलच्या पहिल्या ओळीत रचनाकाराचं नाव लिहायचं असतं. ते नाव जगापुढे जाणार म्हणून मी आजपासूनच अस्वस्थ आहे. चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा गार करून प्यायलो.

पाच वाजता वहिनी, म्हणजे दादाची बायको, वरच्या मजल्यावरून नेहमीप्रमाणे चहाला खाली आल्या, हातात वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं. पेननेच सोडवतात, पुटपुटत. मी हिला, माझ्या बायकोला, यंत्राचं सांगत होतो. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, “गरम झाल्यावर अडतंय म्हणजे पत्ते वाटणारी चिप असणार.”

मी चाटच पडलो. कुठला पत्ता कुठल्या मेमरीचा हे ठरवणारी चिप, तीच ती सातवी. दादाबरोबर संसार करून वाण नाही पण गुण लागला म्हणायचा.

“बोर्ड आणलात की मला बघू द्या हं.”

“बघा, पण लांबून. आपल्या अंगातली वीज लागली तर चिप जायची.”

“बरं,” म्हणाल्या आणि पुन्हा कोड्यात शिरल्या.

८ मार्च

बोर्ड घरी आला. चिप अलगद काढली, थंड केली, वाचनयंत्रात बसवली. वाचून झालं. मग पडताळणी: यंत्र चिप पुन्हा वाचतं आणि आधीच्या वाचनाशी ताडून बघतं. पडद्यावर हिरवा शब्द आला, ‘जुळलं’. मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. खोली लहान आहे, त्या फेऱ्यांना तसा अर्थ नव्हता.

पहिल्या ओळीत दादाचं नाव घातलं, पूर्ण. वहिनींना हाक मारून दाखवलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “हिला कुलूप नव्हतं का?” त्यांनी विचारलं. अशा चिपला कुलूप घालता येतं, मग बाहेरच्याला नियम वाचता येत नाहीत.

“दादा कशाला कुलूप घालेल? त्याचा स्वभाव होता का तसा?”

“फाइल उघडून बघितलीत?”

“जुळलं म्हटल्यावर बघायचं काय, वहिनी? पडताळणी झालीय.”

“एकदा बघा,” म्हणाल्या आणि वर गेल्या.

बायकांना हिरवा शब्द पुरत नाही. हे वाक्य हिने वाचलं तर माझी खैर नाही.

९ मार्च

चिप जागेवर बसवताना एक पाय वाकला. सरळ करायला गेलो तर अगदी बुडाशी तुटला. छत्तीस वर्षांचा गंज, दुसरं काय. वाईट वाटलं, पण फाइल हातात आहे, तेव्हा जुन्या चिपचं आता फक्त स्मारक करायचं. उद्या कोरी चिप भरतो.

मास्तरांना फोन करून बुधवारचा वायदा केला.

१० मार्च

नवी चिप भरली, बसवली, बोर्ड मेलेला. पुन्हा भरली. तेच.

मग फाइल उघडली. शून्यं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं.

चिपला कुलूप होतं. कुलूपवाली चिप वाचायला गेलं की ती शून्यं दाखवते. दुसऱ्यांदा वाचलं तर पुन्हा शून्यं. शून्यं शून्यांशी जुळणार नाहीत तर काय होईल? तीस वर्षं मी नवशिक्यांना हेच बजावत आलो की ‘जुळलं’ म्हणजे ‘वाचलं’ नव्हे. आणि त्या हिरव्या शब्दाच्या भरवशावर मी जगातल्या एकुलत्या एक चिपचा पाय मोडून ठेवला.

वहिनींना काय तोंड दाखवू? जिन्यावर पाऊल वाजलं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन बसलो. साठी उलटलेला माणूस.

११ मार्च

कुलूप असलं तरी एक आडवाट असते. चिपच्या पोटात बघता येत नाही, पण तिला प्रश्न विचारता येतात. हिचे दहा पाय ऐकणारे आहेत. त्या दहांवर वीज आहे किंवा नाही, असे सगळे मिळून एक हजार चोवीस प्रकार होतात. प्रत्येक प्रकार करून बघायचा, बोलणारे पाय काय उत्तर देतात ते टिपायचं. पूर्ण तक्ता झाला की त्यावरून नियम बांधता येतात.

तुटलेला पाय ऐकणारा निघाला. तो आता ठार बहिरा. म्हणजे बरोब्बर अर्धे प्रश्न विचारताच येत नाहीत. चिप थंड ठेवून दिवसभर बसलो आणि पाचशे बारा ओळी टिपल्या. उरलेल्या पाचशे बारा तिच्या पोटात आणि मी बाहेर.

१२ मार्च

तुटलेल्या पायाच्या बुंध्यापर्यंत चिपचं अंग कानशीने घासत नेलं. आत धातूचा ठिपका चमकला. केसासारखी तार त्याला डाख देऊन जोडायला गेलो, डाखणीचा चटका लागला आणि चिप मधोमध तडकली.

संपलं. ही म्हणाली, जेवून घ्या. मी म्हटलं, भूक नाही. मग उभ्या उभ्या दोन वेळचं जेवलो.

१४ मार्च

दादाचं कपाट उपसतोय. एकवीस वह्या. त्याचं अक्षर मोठं, तिरकं, शाईचे डाग. वीजपुरवठा, पडद्याची जोडणी, कळफलक, सगळं आहे. अकराव्या वहीत पत्ते वाटणाऱ्या चिपची सुरुवात मिळाली. पण तीन पानांनंतर पुढची पानं फाडलेली. ह्या तीन पानांचं अक्षर बारीक आणि सरळ आहे, सातच्या आकड्याच्या कमरेला आडवी रेघ. दादाने कोणा कारकुनाकडून स्वच्छ प्रत करून घेतली असणार.

मागे मी दादावर लेख लिहिला होता, ‘एका माणसाने बनवलेला संगणक’. आज पुन्हा वाचला, म्हटलं काही धागा मिळेल. नाही मिळाला. लेख मात्र चांगला आहे. तेव्हा वहिनींना मोठ्याने वाचून दाखवला होता. “छान लिहिलंय,” म्हणाल्या होत्या आणि कागद घडी घालून परत दिला होता. हळव्या झाल्या असतील.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “कुठे अडलंय?” मी म्हटलं, दादाच्या डोक्यात शिरता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कपात साखर घातली, पुन्हा घातली आणि तो चहा तसाच ठेवून उठल्या.

१६ मार्च

अंदाजाने नियम बांधतोय. एका बोलणाऱ्या पायाला नियमांच्या आठच ओळी मिळतात. सगळे नियम त्या आठ ओळींत बसवायचे, आणि माझे अकरा ओळींच्या खाली येत नाहीत. तीन पायांच्या बाबतीत असंच. दादाने कसं बसवलं असेल, देव जाणे. जेवताना हे बडबडलो तर वहिनी म्हणाल्या, “नाही बसलं की उलटं लिहायचं. कधी बोलायचं ते लिहू नका, कधी गप्प बसायचं ते लिहा. गप्प बसायच्या वेळा नेहमी कमी असतात असं नाही, पण कधी कधी असतात.”

ऐकायला छान वाटलं. त्या अलीकडे जरा गूढ बोलतात. वय झालं की माणसं अशी होतात.

ही मला म्हणाली, “तुमचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.” चष्मा खरोखरच खिशात होता.

तेरा दिवस उरले. दिवसातून चार वेळा कॅलेंडरपुढे जाऊन उभा राहतो. तिथे नवीन काही लिहिलेलं नसतं.

१८ मार्च

आणखी लपवणं शक्य नव्हतं. मास्तरांकडे जाऊन कबुली दिली. ते जुन्या पत्र्यावरून बोट फिरवत ऐकत होते. मी म्हटलं, नजरचुकीने झालं.

“चला, तेवढी एक चूक माझ्या हातून होत नाही,” म्हणाले. मग पत्रा बाजूला ठेवला. एकेचाळीसपैकी तिघं त्यांच्याकडे संध्याकाळी शिकायला येतात. त्यांतल्या एकीने आजच विचारलं होतं, भूमितीचं प्रकरण कधी हातात येणार.

“दुसरा संगणक नाही का? बंधूंनी इतके बनवले,” त्यांनी विचारलं.

“बोर्ड आहेत दोन माझ्याकडे. त्यांवर ही चिपच नाही.”

“असती तरी चालली नसती. आमची निराळी आहे.” आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला छत्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. संगणक दादाने दारात उतरवला आणि तो गेला. बसवायला कारखान्यातली एक मुलगी आली. चार दिवस इथे जमिनीवर बसून काम करत होती. गणिताच्या खुणा मेमरीत मावेनात, तेव्हा तिने मास्तरांना सांगितलं, एकेक खूण माझ्या बोटाला लावून दाखवा. डोळे मिटून सगळ्या शिकली. मग मेमरी वाढवली आणि घरी जाऊन पत्ते वाटणारी चिप नव्याने लिहून आणली.

“स्वतः लिहिली?” मी विचारलं. “की दादाने दिलेली आणली?”

“काम करताना सारखे आकडे पुटपुटायची. तयार आणणारं माणूस पुटपुटत नाही,” मास्तर म्हणाले.

तपासणी विभागातली कोणीतरी असेल. आज कुठे असेल, कोणास ठाऊक. वहिनी तेव्हा कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांना नाव आठवत असेल तर शोध लागेल. उद्या विचारतो.

१९ मार्च

हे लिहिताना तीन वेळा उठून बसलोय.

पाच वाजता वहिनी आल्या. मी विचारलं, “वहिनी, ब्रेल छापखान्यात यंत्र बसवायला कारखान्यातून एक मुलगी गेली होती. कोण होती ती, आठवतं का? तुम्ही पॅकिंगला होतात तेव्हा.”

त्यांनी पेनला टोपण लावलं. “तेव्हा मी पॅकिंगला नव्हते. पॅकिंगला लग्नानंतर गेले. त्याआधी रचनेच्या खोलीत होते. मीच गेले होते, भाऊजी.”

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, पण तिथला आवाज थांबला.

मला पहिल्यांदा लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाटलं, मग ह्यांना आठवत असेल, पुस्तकं होतील. त्यामागून दादा आठवला आणि रागच आला, कोणावर ते कळेना. मी म्हटलं, “अहो, मग बोलला का नाहीत? दहा दिवस मी भिंतीवर डोकं आपटतोय.”

“बघू द्या म्हटलं, तर लांबून म्हणालात. उघडून बघा म्हटलं, तर पडताळणी झाली म्हणालात. उलटं लिहा म्हटलं, तर भात वाढून घेतलात. तुम्ही प्रत्येक गोष्ट त्यांनाच विचारत होतात, ते गेल्यावरसुद्धा.”

मी अर्धा तक्ता त्यांच्यापुढे सरकवला.

“आणि मलाही राग होता,” त्या म्हणाल्या. “तो लेख तुम्ही मला मोठ्याने वाचून दाखवलात. तेव्हा ठरवलं, आता विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मुलांचं अडलंय हे कळत होतं, तरी गप्प बसले. ते मला शोभलं नाही.”

दादाचं विचारलं. दादाने हे आपलं म्हणून सांगितलं का?

“कधीच नाही. कोणी कौतुक केलं की नुसते हसायचे. मला वाटायचं, आज ना उद्या सांगतील. मग लग्न झालं. मालकाची बायको रचनेच्या खोलीत बसली की बाकीच्यांना अवघडल्यासारखं होतं म्हणाले, म्हणून मी पॅकिंगला. वहीतली पानं मी फाडली, एका दुपारी, रागाच्या भरात. नंतर बंबात घातली. तेवढीच एक गोष्ट मी त्यांना न सांगता केली.”

“आणि कुलूप?”

“मीच घातलं. एक जण आमच्या चिपांच्या नकला करून विकत होता.”

ही कपबशा घेऊन आली. मी विचारलं, तुला माहीत होतं? “मला लग्न झाल्याच्या पहिल्या वर्षी कळलं,” म्हणाली. “मी विचारलं होतं.”

२० मार्च

वहिनी सकाळी नऊलाच खाली आल्या. पाचची वाट बघितली नाही. माझ्या खुर्चीवर बसल्या, मला स्टूल. स्थिर विजेचा पट्टा न सांगता मनगटाला लावला.

म्हणाल्या, सगळं आठवत नाही. पण खुणा आठवतात आणि कशासाठी काय केलं ते आठवतं, त्यावरून उरलेलं काढता येईल. दुपारपर्यंत एकही ओळ लिहिली नाही. नुसत्या खिडकीबाहेर बघत बोटं टेबलावर दाबत होत्या. मी सारखा विचारत होतो, काही आठवतंय का? शेवटी म्हणाल्या, “भाऊजी, जरा फिरून या.”

फिरून आलो. पंधरा मिनिटांत परत आलो. पुन्हा पाठवलं.

२३ मार्च

सहा पाय लिहून झाले, दोन राहिलेत. माझ्याकडच्या अर्ध्या तक्त्याशी ताडून बघितलं. पाचशे बारांपैकी पाचशे नऊ जुळल्या, तीन नाहीत.

कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, तक्ता चिपने स्वतः दिलाय, तुम्ही विसरला असाल. त्या म्हणाल्या, चिप मरायला टेकली होती, तीच विसरली असेल. मी म्हटलं, छत्तीस वर्षांपूर्वीचं तुम्हाला इतकं कसं ठाम आठवतं? त्या म्हणाल्या, माझं आहे म्हणून. आणि मग ज्या दोन ओळींवर मी अडून बसलो होतो त्या तशा का असू शकत नाहीत, हे चार वाक्यांत दाखवून दिलं. एकाच वेळी दोन मेमरींनी उत्तर दिलं असतं. तिसऱ्या ओळीवर त्या स्वतः थांबल्या. “ही कदाचित तुमची बरोबर असेल,” म्हणाल्या.

दादाशी मी असं कधी भांडलो नाही. दादा सांगायचा, मी ऐकायचो. त्याला तरी कोणी भांडायला मिळालं होतं की नाही, हा विचार आज पहिल्यांदा आला. मिळालं होतं. त्याने तिला पॅकिंगला बसवलं. मला दादाची आठवण येते आणि त्याच वेळी त्याचा संताप येतो. दोन्ही घेऊन दिवसभर घरभर फिरतोय. ही म्हणते, फरशी झिजेल.

२५ मार्च

छापखान्यात दोघं गेलो. मास्तर दारात उभे होते. वहिनी म्हणाल्या, “मास्तर, वर्गमुळाची खूण अजून माझ्या उजव्या बोटात आहे.” मास्तरांनी हात पुढे केला आणि बराच वेळ सोडला नाही. मी दिवा लावायचं निमित्त करून भिंतीकडे तोंड केलं.

चिप बसवली. यंत्र सुरू झालं. साधा मजकूर नीट उठला. गणिताचं पान लावलं आणि चौथ्या ओळीत ठप्प.

मला वाटलं आता रडू येईल. वहिनी खाली जमिनीवर बसल्या, गुडघे कुरकुरले तशी “आई गं” म्हणाल्या आणि वही उघडली. “हे बरोबर अडलंय. जिथे तुमचा तक्ता नाही, नेमकं तिथे,” म्हणाल्या. म्हणजे त्या पाचशे बारा ओळींत. तिथे ताडून बघायला काहीच नाही, वहिनींचं डोकं सोडून.

घरी येईपर्यंत आकडे पुटपुटत होत्या.

२६ मार्च

वहिनी खाली आल्या नाहीत. जेवायलाही नाही. मी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत तीनदा जाऊन आलो. वरून पुटपुटणं ऐकू येत होतं.

तीन दिवस उरले. मास्तरांचा फोन आला. मी म्हटलं, काम चालू आहे. “चालू असू द्या,” म्हणाले, “मी मुलांना सांगितलंय, बाई आल्यात.”

२७ मार्च

सकाळी सातला जिन्यावरूनच म्हणाल्या, “तेव्हा मी मास्तरांच्या खुणा मेमरीत दोन गठ्ठ्यांत लावल्या होत्या. परवा मी एकाच गठ्ठ्यात धरल्या. कोरी चिप आहे ना?”

सात पायांना हात लावला नाही. आठव्याच्या आठ ओळी नव्याने लिहिल्या, उलट्या, गप्प बसण्याच्या. मी टंकत गेलो. प्रत्येक ओळ त्या दोनदा वाचायला लावत होत्या. ह्या वेळी भरल्यावर फाइल मी उघडून बघितली, त्यांनी सांगायच्या आत.

दहा वाजता छापखान्यात. चौथी ओळ आली आणि गेली. पान झालं. गरम पत्रा मास्तरांनी गार होऊ दिला नाही. डावीकडून उजवीकडे बोट फिरवत गेले, एका जागी थांबले, मागे आले, पुन्हा गेले. आम्ही दोघं उभे. मग म्हणाले, “तिसऱ्या ओळीत एक चूक आहे.”

वहिनींनी टेबलाची कड धरली.

“आमच्या मजकुराची,” मास्तर म्हणाले. “यंत्राने जे सांगितलं ते बरोबर उठवलंय.”

२९ मार्च

परवापासून यंत्र थांबलेलं नाही. एकेचाळीस गठ्ठे दुपारी चारला गाडीत चढले. भूमितीचं प्रकरण विचारणारी मुलगी आली होती. तिने आपलं पुस्तक गठ्ठ्यातून तिथेच काढून मागितलं आणि उंबऱ्यावर बसून वाचायला लागली. वहिनी तिच्याजवळ बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मला कोणी बोलावलं नाही आणि ते बरोबरच होतं.

३१ मार्च

आता एकच काम उरलं होतं, फाइल कोठारात टाकायची. एकशे चौदावी. मी पडदा उघडला तर पहिल्या ओळीत अजून दादाचंच नाव. आठ तारखेपासून तसंच पडून होतं.

वहिनी शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, “दोघांचं लिहू?”

“नको,” म्हणाल्या. “वीजपुरवठा त्यांचा, पडदा त्यांचा. त्या फायलींवर त्यांचं लिहा, मला आवडेल. ही माझी आहे.”

मी दादाचं नाव खोडलं. एकेक अक्षर मागे जात होतं आणि माझा हात जड झाला होता, ते कबूल करतो. मग मी वहिनींचं नाव टंकलं, त्यापुढे दादाचं, त्यापुढे आमचं आडनाव. पत्रांवर येतं तसं.

त्यांनी वाचलं. “असं नाही. लग्नाआधीचं लिहा. हे लिहिलं तेव्हा मी तुमची वहिनी नव्हते.”

मी पुन्हा खोडलं. बोटं कळांवर ठेवली आणि तिथेच राहिली. पस्तीस वर्षं एका घरात, एका जिन्यावर. रोज पाचचा चहा. वहिनींचं माहेरचं आडनाव मला माहीत नव्हतं. लग्नपत्रिकेवर वाचलं असणार. आठवेना. आठवतंय असं दाखवायला मी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिलो, त्यांनी तोही वेळ मला दिला.

शेवटी विचारलं. त्यांनी सांगितलं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, सावकाश, मी टंकत होतो त्या वेगाने.